शिवसागरावरील एक दिवस

मागील महिन्यात सांगलीच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त परदेशी असतात. त्यांनी मातोश्रींस इटली देश दाखविला आणि त्यातच एक दिवस नेपल्सहून बोटीने काप्री बेटावर नेऊन संध्याकाळी परत आणले. बरोबर माहिती सांगणारा मनुष्य होता. सकाळी निघावे, बेट पाहावे, दिवेलागणीस मुक्कामी यावे, असा तो बेत. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "असा एका दिवसात होणारा पाण्यावरचा प्रवास आपल्या सातारा-सांगलीकडे आहे काय? घरात लहानमोठी दहा-बारा माणसे आहेत, सासूबाईंचे वय झाले आहे, आणि खर्च बेताचा हवा."

प्रश्न अनेकांच्या उपयोगाचा असल्यामुळे या महिन्याचे सदर आम्ही त्याच्याच उत्तरासाठी ठेवीत आहो.

काप्रीविषयी प्रथम दोन शब्द सांगू. नेपल्सच्या आखाताच्या मुखाशी असलेले हे चुनखडीच्या खडकाचे लहानसे बेट आहे. रोमन बादशहा टायबेरिअस याने आपल्या कारकिर्दीची शेवटली सुमारे दहा वर्षे राजधानी सोडून बहुतेक तेथेच काढली, आणि त्याच्या वाड्याचे अवशेष आजही कड्याच्या माथ्यावर दाखवितात. तेथील निळी गुहा जगप्रसिद्ध आहे. तिचे तोंड इतके ठेंगणे की, होडीत उताणे पडूनच आत शिरावे लागते. आत गेल्यावर खालून पाण्यातून येणाऱ्या उजेडाने सर्व गुहा निळी दिसते. मात्र या रम्य बेटाला स्वतःचे गोडे पाणी पुरत नाही. समुद्राच्या तळाशी घातलेल्या नळातून ते मुख्य भूमीवरून आणावे लागते. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आपल्याकडे याच्या नेमका उलट प्रकार आहे, आणि तोच आज आम्हांस सांगावयाचा आहे.

आमच्या मते सदर भगिनींनी सातारा जिल्ह्यातील बामणोली येथून शिवसागर जलाशय ओलांडून वासोट्यास जावे. वासोटा हे खरोखरीचे बेट नव्हे. द्वीप या शब्दाची व्युत्पत्ती आपल्या वैयाकरणांनी 'द्वि' आणि 'अप्' या दोन शब्दांपासून दिली आहे; ज्याच्या दोहो अंगांस पाणी ते द्वीप. वासोट्याच्या एकाच अंगास पाणी आहे. दुसऱ्या अंगास सह्याद्रीचा कडा सरळ कोकणात उतरतो. कोकणातील चोरवण्याकडून रानातून चढून येणारी एक बिकट वाट आहे खरी, परंतु साताऱ्याकडून जाणाऱ्यास लाँचेवाचून गती नाही. तेव्हा प्रवाशापुरते ते बेटच समजावयास हरकत नाही.

हे पाणी तेथे पूर्वापार नव्हते. महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या रांगांमधून दक्षिणेस वाहत येते, हेळवाकाजवळ पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास कृष्णेला मिळते. १९५४ साली या नदीवर धरणाचे काम सुरू झाले आणि १९६२ साली पहिली वीज निघाली. १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे आज सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी साठते. त्याचा फुगवटा खोऱ्यात पन्नास किलोमीटरांच्या आसपास मागे येतो, आणि त्यालाच शिवसागर म्हणतात. हे पाणी पश्चिमेस डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पोफळीकडे उतरविले जाते, तेथे त्याची वीज होते, आणि शेवटी ते वाशिष्ठीतून अरबी समुद्रास मिळते. पूर्वेस सोडलेले पाणी कृष्णेतून सांगलीस जाते. सर्व टप्पे मिळून कोयनेच्या विजेची क्षमता १,९६० मेगावॉट आहे.

आता प्रत्यक्ष प्रवासाकडे वळू. गेल्या पौषात आम्ही सहकुटुंब हाच प्रवास केला. सांगलीहून आमचे धाकटे बंधू, त्यांचे चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडे आदल्या रात्रीच साताऱ्यास येऊन राहिली. आमच्याकडील मंडळी धरून लहानमोठी अकरा माणसे झाली. वडील वहिनींचे वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना न्यावे की न न्यावे यावर रात्री बराच खल झाला. अखेर त्यांनीच निकाल दिला, "मी गडावर चढणार नाही, पण पाण्यावर बसायला पाय लागत नाहीत." त्याप्रमाणे त्या आल्या आणि पायथ्याशी सावलीत जप करीत सूनबाईंसह बसल्या. ज्या घरात वृद्ध माणसे आहेत त्यांनी हीच योजना करावी. गड चढणे ज्यांना होणार नाही त्यांनी कोयना, सोळशी आणि कांदाटी यांच्या त्रिवेणी संगमापर्यंत लाँचेने जाऊन यावे. तेवढ्यानेही दिवस सार्थकी लागतो.

साताऱ्याहून सकाळी सहास निघालो. वाटेत कासचे पठार लागते. पावसाळ्याच्या अखेरीस तेथे फुले असतात, पौषात नुसता कातळ आणि वाळले गवत. सातारा शहरास पाणी पुरविणारा कास तलावही वाटेतच आहे. पुढे घाट उतरत असता एका वळणावर जलाशय एकाएकी दिसू लागतो. बामणोलीस पोचल्यावर वनखात्याकडे सर्वांची नावे आणि ओळखपत्रे देऊन परवानगी घ्यावी लागते, कारण वासोटा हा कोयना अभयारण्यात आहे. हे अभयारण्य १९८५ साली झाले. २०१० साली ते आणि चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. गडावर मुक्कामास बंदी आहे, आणि सायंकाळच्या आत रान सोडावे लागते. पायथ्याच्या चौकीवर बरोबरच्या प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून घेतात, अनामत ठेवून घेतात आणि परत येताना पुन्हा मोजतात. आमच्या सूनबाईंनी दशम्या, लसणीची चटणी आणि गुळाच्या पोळ्या केळीच्या पानांत बांधून डब्यांत भरल्या होत्या आणि पाणी फिरकीच्या तांब्यांत घेतले होते. त्यामुळे मोजण्यासारखे आमच्यापाशी काहीच निघाले नाही, आणि चौकीवरील मनुष्य प्रसन्न झाला.

लाँचेचे भाडे तेथील लाँचवाल्यांच्या मंडळाने ठरविलेले असते. वाटाड्याची बिदागी मात्र बोलून ठरवावी लागते. आमचे पुतणे सांगलीस हळदीच्या अडतीचा व्यवसाय करतात. भाव करणे हा त्यांचा रोजचा धर्म. त्यांनी वाटाड्याने सांगितलेल्या रकमेतून बरेच खाली ओढले. वाटाडे पन्नाशीचे, अंगाने काटक गृहस्थ होते. त्यांनी एकवार पाण्याकडे पाहिले आणि "बरं, चला" एवढेच म्हणून लाँचेत चढले.

बामणोलीहून वासोट्याच्या पायथ्यापर्यंत दीड तासाचा जलप्रवास आहे. दोन्ही बाजूंस घनदाट रानाने झाकलेले डोंगर आहेत. सकाळी पाण्यावर धुक्याचा पातळ थर होता आणि लाँचेच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नव्हता. पहिला अर्धा तास मुले गप्प बसून पाहत होती. मग बंधूंच्या धाकट्या नातवाने, वय वर्षे नऊ, वाटाड्यांस विचारले, "काका, इथं पाणी किती खोल आहे?"

ते म्हणाले, "फुटाचा हिशेब मला ठाऊक न्हाई बाळ. पर आता आपण जिथनं चाललोय ना, तिथं खाली माझ्या आज्याचं घर हाय."

मुलास ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. धरणाच्या पाण्याखाली या खोऱ्यातील शंभराच्या आसपास गावे गेली, कोठे सारे गाव, कोठे त्याची शेते. लोकांस सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, रत्नागिरी, ठाणे अशा निरनिराळ्या जिल्ह्यांत पाठविण्यात आले. वाटाड्यांच्या आजोबांच्या वाट्यास सोलापूरकडील कोरडवाहू जमीन आली होती. भात आणि नाचणी पिकविणारा, चार महिने पावसात राहणारा तो माणूस. तिकडे त्याचे मन आणि शेती दोन्ही लागेनात. काही वर्षांनी ते परत आले आणि पाण्याच्या वरच्या अंगास, डोंगराच्या उतारावर झोपडे बांधून राहिले. वाटाड्यांचे थोरले बंधू अद्याप तिकडेच आहेत. वर्षातून एकदा, देवाच्या जत्रेस येतात. जुना देव पाणी चढण्यापूर्वी उचलून वर आणला होता, म्हणून जत्रा तरी राहिली.

आम्ही चाळीस वर्षांच्या आतबाहेर मास्तरकी केली. आमच्या वर्गात अशा कुटुंबांतील मुले येत. त्यांच्या दाखल्यावर 'मूळ गाव' म्हणून जे नाव असे ते भिंतीवरील नकाशात शोधून सापडत नसे. ती मुले नाव सांगताना चाचरत नसत, ऐकणाराच गोंधळे. त्या नावांच्या जागेवरून आपण लाँचेत बसून चाललो आहो, हे त्या दिवशी डोळ्यांस दिसले. आम्ही मुलांस वही काढावयास सांगितली आणि वाटाड्यांस विनंती केली की, लाँच ज्या ज्या जुन्या गावावरून जाईल त्याचे नाव सांगावे. ते बोटाने पाण्याकडे दाखवीत नावे सांगत गेले, मुले लिहीत गेली. कोठे ओढा होता, कोठे पार होता, कोठे बाजार भरे, हेही त्यांना वडिलांकडून ठाऊक होते. उन्हाळ्यात पाणी खाली गेले म्हणजे काही ठिकाणी घरांचे चौथरे अजून उघडे पडतात, असे ते म्हणाले. आमचे पुतणे प्रथम मोबाईलमध्ये छायाचित्रे घेत होते. पुढे त्यांनी तो खिशात ठेवला.

पायथ्यापासून माथ्यापर्यंत दीड-दोन तासांची चढण दाट झाडीतून आहे. ऊन बहुधा लागत नाही. या रानात गवे आणि अस्वले आहेत, म्हणून एकटेदुकटे मागे राहू नये आणि आरडाओरड करू नये. वाटाड्यांनी चढताना दोनदाच मंडळीस थांबविले. एकदा गव्यांचे ताजे माग दाखविण्यास आणि एकदा आमच्या बंधूंना दम लागला तेव्हा.

माथ्यावर छप्पर नसलेले मारुतीचे देऊळ, महादेवाचे देऊळ, वाड्याचे चौथरे, पाण्याची टाकी आणि चुन्याचा घाणा आहे. वाटाड्यांनी येथे आपली कथा सांगितली. वसिष्ठ ऋषींचा शिष्य या डोंगरावर राहिला आणि त्याने गुरूंचे नाव दिले. त्याचा अपभ्रंश वासोटा. ही आख्यायिका आहे. ती ऐकावी, तिचा अनादर करू नये, परंतु मुलांस तिच्या शेजारी लिखित इतिहासही सांगावा. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६० साली हा गड घेतला, आणि त्यानंतर राजापूरच्या वखारीतून पकडलेल्या इंग्रजांपैकी काहींना येथे कैदेत ठेवण्यात आले. गड दुर्गम असल्यामुळे तुरुंग म्हणून त्याचा उपयोग पुढेही चालू राहिला. पेशवाईच्या उत्तरकाळी पंतप्रतिनिधींच्या पक्षाची ताई तेलीण या स्त्रीने बापू गोखल्यांच्या फौजेपुढे हा गड कित्येक महिने झुंजविला. धान्याची कोठारे जळाली तेव्हा तिचा नाइलाज झाला. अखेर १८१८ च्या एप्रिलमध्ये गड इंग्रजांनी घेतला. त्या वेळी सातारकर छत्रपतींच्या घरची मंडळी आणि दोन इंग्रज अधिकारी येथे अटकेत होते.

वाटाड्यांस ताई तेलिणीची गोष्ट आमच्यापेक्षा अधिक तपशिलाने ठाऊक होती. सनावळी त्यांनी आमच्याकडून विचारून घेतली. वाटाड्या आणि प्रवासी यांचे नाते असे देवाणघेवाणीचे असले म्हणजे दिवस कारणी लागतो. पुष्कळ मंडळी वाटाड्यास चालते-बोलते पुस्तक समजतात. त्याने पाठ म्हणावे, आपण ऐकावे आणि पैसे द्यावे. त्याला प्रश्न विचारावा, तोही ज्याचे उत्तर फक्त त्यालाच ठाऊक आहे असा. गडाचा सन आपणास पुस्तकात मिळेल. पाण्याखालच्या पाराचे स्थान पुस्तकात मिळणार नाही.

पश्चिमेच्या बाबूकड्यावर उभे राहिले म्हणजे समोर अर्धवर्तुळाकार कडा आणि खाली कोकण दिसते. पाठीमागे शिवसागर. याच डोंगररांगेच्या पोटातून कोयनेचे पाणी कोकणात उतरते, हे मुलांस तेथे उभे करून सांगितले असता लवकर समजते. आमच्या नातीने विचारले, "मग आमच्या सांगलीला कुठलं पाणी येतं?" तिच्या आईने उत्तर दिले, आणि ते आम्हां सर्वांपेक्षा नेमके होते. पावसाळ्यात सांगलीत घरोघर दोनच आकडे विचारले जातात. कोयनेतून किती पाणी सोडले आणि आयर्विन पुलापाशी पातळी किती फूट झाली. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती सत्तावन्न फुटांवर गेली तेव्हा या मंडळींनी माळ्यावर दोन रात्री काढल्या होत्या. पुराच्या वेळी ज्या पाण्याची भीती वाटते, तेच पाणी उन्हाळ्यात नदीस वाहते ठेवते, नळास येते आणि ऊस-हळद पिकविते. त्या पाण्याचे घर सूनबाईंनी प्रथमच पाहिले.

काप्रीस पाणी बाहेरून येते असे आम्ही वर म्हटले ते याचसाठी. शिवसागराचे पाणी आणि वीज बाहेर जाते. ज्यांची घरे त्याखाली गेली त्यांच्या काठच्या गावांतील माणसे दवाखान्यास जावयाचे तरी लाँचेची वाट पाहतात. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा या राज्यात १९७६ साली झाला. कोयनेचे लोक त्याआधीच उठले होते. जमिनींचे प्रश्न इतके रेंगाळले की, २०१८ साली त्यांच्या मुला-नातवांना कोयनानगरास ठिय्या धरून बसावे लागले. धरण नको होते असे आमचे म्हणणे नाही. त्या विजेवर आमच्या घरात दिवा लागतो आणि त्याच उजेडात हे सदर लिहिले जात आहे. परंतु ज्याने आपला पाट दिला त्याला उभे राहण्यापुरतीही जागा मिळू नये, हे कोणत्याही स्मृतीत बसणारे नाही. हा हिशेब सरकारने पुरा करावयाचा आहे, आणि तो पुरा व्हावा असे सांगलीच्या माणसानेही म्हटले पाहिजे. आजवर हे म्हणण्याचे काम बहुधा त्या लोकांनाच एकट्याने करावे लागले आहे.

परतीच्या प्रवासात पुतणे लाँचेच्या टोकाशी वाटाड्यांजवळ जाऊन बसले होते. बामणोलीस उतरल्यावर त्यांनी ठरलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट नोटा पुढे केल्या. वाटाड्यांनी त्या मोजल्या, सकाळी स्वतः सांगितले होते तेवढे पैसे ठेवून घेतले आणि उरलेल्या नोटा परत दिल्या. "जास्तीचं नको, सायेब. पुढच्या खेपेला माणसं घिऊन या," असे म्हणाले आणि वहिनींना वाकून नमस्कार करून गेले. पुतण्यांनी त्या नोटा खिशात घातल्या नाहीत. गाडीत बसेपर्यंत हातातच होत्या.

आता जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी चार सूचना. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात गड बंद असतो, आणि पावसाळा संपता संपता रानात जळवा असतात. सकाळी लवकर निघावे, कारण परतीची वेळ आपल्या हाती नसते. ओळखपत्रे सर्वांची घ्यावी. पायांत घट्ट जोडे असावेत. प्लॅस्टिक घरीच ठेवावे. वृद्धांस संगमावर न्यावे, गडाचा आग्रह धरू नये. स्त्रियांवर पहाटेच्या स्वयंपाकाचा सारा भार टाकून दिवसभर त्यांच्याकडूनच वाढून घेऊ नये. डबे पुरुषांनी वाहावे आणि वाढावेही. वाटाडा खोऱ्यातलाच घ्यावा, त्याची बिदागी तो सांगेल ती द्यावी, आणि लाँच सुटताच मुलांच्या हाती वही-पेन्सिल द्यावी.

आमच्या मुलांनी त्या दिवशी सात नावे लिहिली. घरी आल्यावर थोरल्या नातवाने साताऱ्याच्या नकाशावर शिवसागराच्या निळ्या पट्ट्यात ती पेन्सिलीने भरली. जागा अंदाजाने धरल्या आहेत. पुढच्या हिवाळ्यात वाटाड्यांस तो नकाशा दाखवून त्या बरोबर करून घ्यावयाच्या, असे ठरले आहे.